इतर असल्यास तपशील

घरातल्या कोळ्यांचं वर्गीकरण आपल्याकडे फार पूर्वीच पुरं झालेलं आहे आणि त्यासाठी कुणा प्राणिशास्त्रज्ञाला तसदी द्यावी लागली नाही. कोळ्यांचे वर्ग तीन: झाडूचा, चपलेचा आणि राहू दे. छताच्या कोपऱ्यात लांबलचक पायांवर थरथरत जळमटं करून राहणारा, तो झाडूचा. दिवाळीच्या आधी त्याची सहकुटुंब उचलबांगडी होते आणि तुळशीच्या लग्नापर्यंत तो सहकुटुंब परत येतो. मोरीच्या दारामागे तळहाताएवढा पसरलेला, दिवा लावला की सरसर वर जाणारा, तो चपलेचा. वास्तविक घरातली झुरळं खाण्याचं काम तो बिनपगारी करतो, पण त्याचा आकार बघून कुणाला त्याची सेवा आठवत नाही. शिवाय अंगावर कुठे पुरळ उठलं की ‘रात्री कोळी फिरला असेल’ हा आरोप ठेवायला हाताशी तोच असतो. आणि खिडकीच्या चौकटीवर उन्हाला बसलेला, करंगळीच्या नखाएवढा, जवळ गेलं की अख्खा वळून आपल्याकडे बघणारा आणि मग टुणकन पडद्याआड होणारा, तो राहू दे. या वर्गीकरणातून कोळ्याबद्दल काही कळत नाही, हातात काय घ्यायचं एवढंच कळतं. पण जगातली पुष्कळ वर्गीकरणं याच पायावर उभी आहेत, तेव्हा तक्रार नाही.

हा ‘राहू दे’ वर्ग म्हणजे शास्त्राच्या भाषेत साल्टिसिडी, उडी मारणाऱ्या कोळ्यांचं कुळ. हे जाळं विणून त्यात वाट बघत बसत नाहीत. पायी हिंडतात, नेम धरतात आणि उडी घेऊन शिकार करतात. कोळ्यांच्या सगळ्या कुळांत हे सर्वांत मोठं, 6,000 हून अधिक जातींचं. स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या संग्रहालयातून जगभरच्या कोळ्यांची एक सूची चालवली जाते. तिच्यात एप्रिल 2022 मध्ये 50,000 वी जात नोंदली गेली, तीही याच कुळातली निघाली, दक्षिण अमेरिकेतली. यांना डोळे आठ, त्यांतले पुढचे मधले दोन चांगले टपोरे. हा डोळा बाहेरून हलत नाही, आतली नळी हलते, आणि म्हणून भिंगातून बघताना त्याच्या डोळ्याचा रंग मध्येच फिका होतो, मध्येच गडद. म्हणजे आपण त्याला ओळखायच्या प्रयत्नात असतो तेव्हा तोही तेच करत असतो. त्याचेही वर्ग तीनच: खाण्याजोगं, पळण्याजोगं आणि लग्नाजोगं. आपल्या तिन्हींपेक्षा ते कितीतरी अधिक विचारपूर्वक पाडलेले आहेत.

याच कुळात एक वंश आहे, मिर्मारॅक्नी नावाचा. ग्रीक मुंगी आणि ग्रीक कोळी शेजारीशेजारी बसवून हे नाव केलेलं आहे. उष्ण प्रदेशात, त्यातही आपल्या दक्षिण आणि आग्नेय आशियात, या मंडळींचा सुकाळ. ही मुंगीचं सोंग घेतात, आणि ते एका संध्याकाळपुरतं नव्हे, जन्मभराचं. एरवी एखादा प्राणी आपण चुकीचा ओळखला तर त्या प्राण्याचं काही बिघडत नाही. बगळ्याला कुणी करकोचा म्हटलं तरी बगळा मासे खातच राहतो. या कोळ्याचं मात्र सगळं आयुष्य चुकीचं ओळखलं जाण्यावर चालतं. ज्या दिवशी एखाद्या पक्ष्याने त्याला बरोबर ओळखलं, तो त्याचा शेवटचा दिवस. अशा प्राण्याची ओळख पटवणं हे ज्यांचं पोटापाण्याचं काम, त्या माणसांबद्दल मला कुतूहल आहे आणि थोडी कणवही.

नवी मुंबईत राहून कोळ्याबद्दल बोलणं म्हणजे थोडं गावाविरुद्ध जाणं आहे. हे फ्लेमिंगोंचं शहर. पुलांच्या खांबांवर, शाळांच्या भिंतींवर, चौकांतल्या बागांत जिथे बघाल तिथे गुलाबी फ्लेमिंगो एका पायावर उभा आहे. ठाणे खाडीला 2022 मध्ये रामसर दर्जा मिळाला, तेव्हापासून तर आमच्या चालण्यातही थोडा डौल आलेला आहे. हातभर लांब भिंगाचे कॅमेरे घेऊन लोक भल्या पहाटे खाडीकाठी जातात आणि सावली पाहून एखाद्या झाडाखाली तिवई मांडतात. त्या झाडाच्या खोडावर, त्यांच्या कानापासून वीतभर अंतरावर, हा बहुरूपी आपला प्रयोग करत फिरत असतो. प्रेक्षक मात्र सगळे खाडीकडे तोंड करून.

आमच्या नेरुळच्या सोसायटीत मागच्या भिंतीला लागून एक रायवळ आंबा आहे. तो सोसायटी बांधण्याआधीपासूनचा की कुणी फेकलेल्या बाठीतून आपोआप आलेला, यावर इमारतीत दोन पक्ष आहेत. आंबा मात्र दोन्ही पक्षांना सारखाच आंबट मिळतो, कारण मध्ये तांबड्या मुंग्या आहेत. कोकणात यांना ओंबील म्हणतात. पानं एकमेकांना शिवून झाडावरच घरं करणाऱ्या या मुंग्या. शिवणकामाची त्यांची तऱ्हा अशी की काही मुंग्या पानांच्या कडा ओढून धरतात आणि दुसऱ्या काही आपल्याच अळ्या तोंडात धरून या कडेवरून त्या कडेवर नेतात. रेशमाचा धागा अळीच्या तोंडून येतो. घरातली पोरं अशी कामाला जुंपणाऱ्या या समाजाला कुणी कायदा शिकवायला गेलं तर तो आधी चावतो आणि मग चावल्या जागी आम्ल सोडतो. त्यामुळे पक्षीही सहसा यांच्या वाटेला जात नाहीत. जिथे इतकी दहशत, तिथे त्या दहशतीच्या सावलीत आपलं भागवून घेणारा कुणीतरी असणारच. तोच हा. तोच तांबूस रंग, तशीच बारीक कंबर, तीच लगबग. लांबी जेमतेम एक सेंटिमीटर.

माझी पुतणी वाशीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकते. ती रविवारी आमच्याकडे जेवायला येते, आणि हल्ली जेवणाआधी आंब्याकडे जाते. मीही भिंग घेऊन मागे असतो.

“काका, पाय मोजा,” ती म्हणाली.

पाय मोजणं हा शाळेत शिकवलेला सोपा उपाय. कीटकाला सहा, कोळ्याला आठ. पण या प्राण्याने हा धडा आपल्याआधी गिरवलेला असतो. पुढचे दोन पाय तो उचलून तोंडापुढे हलवत राहतो, मुंगी आपल्या मिशा हलवते तसे. मोजायला जावं तर पाय सहा, मिशा दोन, हिशेब चोख. मुंगीच्या शरीराचे तीन भाग, कोळ्याचे दोन. यानेही पुढच्याच भागाला मध्ये एक चिमटा देऊन तिसरा भाग पडल्याचा देखावा केलेला. सनदी लेखापालाने कितीही वर्षं तपासल्या तरी चूक निघणार नाही, अशी ही वह्या लिहिण्याची पद्धत आहे.

मग सापडतो कुठे? पुतणीचं म्हणणं, दिसण्यात शोधू नका, वागण्यात शोधा. खोडावर बोटाने जरा टिचकी मारली की मुंग्या चवताळून बोटाकडे येतात. यांच्यातलीच एखादी ‘मुंगी’ मात्र उलट दिशेला सटकते, पानाच्या कडेला येते आणि चक्क धागा सोडून खाली उतरते. मुंगीला अशी सोय नाही. दुसरं, तांबडी मुंगी दुसरी तांबडी मुंगी भेटली की थांबून विचारपूस करते. हा कुणालाच भेटत नाही. मुंग्यांची रांग येताना दिसली की वळसा घालून जातो, कारण सोंग पक्ष्यांसाठी आहे, मुंग्यांसाठी नव्हे. मुंग्यांचा कारभार वासावर चालतो आणि त्या परीक्षेला हा बसलेलाच नाही. ज्यांच्यासारखा दिसून जगतो त्यांच्याच तावडीत सापडला तर त्याची धडगत नाही, तेव्हा आयुष्यभर त्यांच्या मोहल्ल्यात राहायचं आणि आयुष्यभर त्यांना टाळायचं. आणि तिसरं म्हणजे ते डोळे. सगळं अंग मुंगीचं केलं, पण पुढचे दोन टपोरे डोळे काही लपवता आले नाहीत. मुंगी माणसाकडे कधी बघत नाही. हा बघतो.

ते मिशांचं प्रकरण तर आणखी खोल आहे. या वंशातल्या एका जातीवरचा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या डोळ्यांना वाटतं की हा सहा पायांवर चालतो आणि दोन पाय हवेत धरतो. अतिवेगवान कॅमेऱ्याने दाखवलं की चालताना तो आठच्या आठ पाय टेकतो. फक्त मध्येमध्ये सेकंदाच्या दहाव्या हिश्शाएवढा थबकतो आणि तेवढ्यात पुढचे पाय उचलून हलवून घेतो. बघणाऱ्याचा डोळा हे दोन तुकडे आपणच जोडतो आणि अखंड मिशा हलवणारी मुंगी आपणच तयार करतो. शिवाय मुंगी वासाचा माग काढत नागमोडी जाते, म्हणून हाही नागमोडी जातो. समोर माग वगैरे काही नसतो. मला या गोष्टीचं फार कौतुक वाटतं. सोंग चोवीस तास घ्यायचं, पण कष्ट मात्र क्षणाक्षणापुरतेच. बाकीचं काम फसणाऱ्याकडून करून घ्यायचं.

नराची गोष्ट निराळी. मादी सडपातळ मुंगी, नराला मात्र तोंडापुढे हे लांब जबडे, जवळजवळ डोक्याएवढेच किंवा त्याहून लांब. लग्नासाठीच्या मारामाऱ्यांत ते कामी येतात, पण मुंगीच्या सोंगाला या अवजड सोंडेने बाधा यायला हवी होती. ती आली नाही, कारण लांबून बघणाऱ्याला तो एक मुंगी तोंडात दुसरी मुंगी धरून घेऊन चालली आहे असा दिसतो. झिमेना नेल्सन आणि रॉबर्ट जॅक्सन यांनी 2006 मध्ये या जोडसोंगाची किंमतही दाखवून दिली. मुंग्यांना भिणारे प्राणी यालाही टाळतात, इथवर ठीक. पण मुंग्याच खाणारे काही कोळी असतात, आणि त्यांना ओझं घेऊन चाललेली मुंगी फार आवडते, कारण तोंडात सामान असलं की ती चावू शकत नाही. म्हणजे एका शत्रूपासून वाचायचं तर दुसऱ्याच्या ताटात जायचं. लग्नाच्या हौसेने वाढवलेल्या गोष्टी संसारात पुढे कशा अंगाशी येतात याचं याहून लहान उदाहरण मला माहीत नाही.

आता नावाकडे वळू. इथे मला नवी मुंबईकर असण्याचा उपयोग होतो. सिडको 1970 मध्ये आली आणि तिने हे शहर कागदावर आधी वसवलं. नोड, त्यात सेक्टर, त्यात प्लॉट, त्यात इमारत, त्यात सदनिका. प्राणिशास्त्राची पद्धत हीच: कुळ, त्यात वंश, त्यात जाती. पत्ता नीट लिहिला तर टपाल पोचतंच. मौज अशी की माणसं राहतात तिथेच राहतात आणि पत्ता मात्र बदलतो. अमुक सेक्टरची हद्द सरकते, एका सेक्टरमधून ‘अ’ निघतो, नंतर ‘ब’ निघतो. रेल्वे स्थानकाला सीवूड्स म्हणावं तर पाटीवर दारावे जोडलेलं, कारण गाव मुळात दाराव्याचं, सीवूड्स मागाहून आलेलं. प्राणिशास्त्रात हा वाद फार लवकर मिटला असता. तिथला नियम रोखठोक आहे: रीतसर दिलेलं जुनं नाव खरं, नवं रद्द. त्या हिशेबाने पाटीवर आधी दारावे आलं असतं आणि सीवूड्स फार तर तळटीपेत.

नियमालाही एक अपवाद आहे आणि तो नेमका कोळ्यांचा आहे. प्राण्यांची शास्त्रीय नावं 1758 पासून धरायची, लिनियसच्या ग्रंथापासून. त्याआधीचं सगळं बाद. पण कार्ल क्लर्क नावाच्या गृहस्थाने स्वीडनच्या कोळ्यांवरचं पुस्तक 1757 मध्येच छापून टाकलं होतं, आणि ते इतकं चांगलं होतं की बाद करायला जीव धजेना. तेव्हा शास्त्रज्ञांनी असं ठरवलं की हे पुस्तक 1 जानेवारी 1758 रोजी निघालं असं मानावं, आणि त्यातली नावं लिनियसच्याही आधीची धरावीत. छापलेल्या पुस्तकाची तारीख एकमताने पुढे ढकलून मोकळे. क्लर्कसाहेब स्टॉकहोम शहराच्या कारभारात नोकरीला होते, तेव्हा तारखांच्या बाबतीत त्यांना यात फारसं वावगं वाटलं नसतं.

मिर्मारॅक्नी हे नाव 1839 चं. ते देणारा विल्यम शार्प मॅक्ली हा इंग्रज कीटकशास्त्रज्ञ त्याच्या दुसऱ्या एका कल्पनेसाठी जास्त प्रसिद्ध आहे. साऱ्या प्राणिसृष्टीची मांडणी पाचापाचाच्या गटांत झालेली असून प्रत्येक गट एक वर्तुळ असतो, असं त्याचं ठाम मत होतं. 1820 च्या आगेमागे इंग्लंडात या पंचवर्तुळांचा बराच बोलबालाही झाला. म्हणजे आठ पायांचा, सहा पायांचा वाटणारा प्राणी आणि त्याला नाव देणारा पाचावर अडून बसलेला. पाचाची वर्तुळं पुढे विरून गेली, नाव राहिलं.

आमच्या आंब्यावरच्या जातीचं नाव प्लॅटॅलिऑइडीस. ते 1869 मध्ये रेव्हरंड ऑक्टेव्हियस पिकार्ड-केंब्रिज यांनी सिलोनहून आलेल्या नमुन्यांवरून दिलं. इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यातल्या एका खेड्याचे हे धर्मोपदेशक. रविवारी प्रवचन आणि बाकीचे सहा दिवस कोळी. जगभरातून पाठवलेले कोळी त्यांच्या टेबलावर येत आणि नाव घेऊन जात. त्यांनी याला ठेवलं साल्टिकस या वंशात, कारण तेव्हा उड्या मारणारे बरेच कोळी तिथे एकत्र नांदत होते. तिथून तो मिर्मारॅक्नीत गेला आणि शतकाहून अधिक काळ सुखाने राहिला. भारतीय पुस्तकांत, कॉलेजच्या वह्यांत, छायाचित्रांखाली तेच नाव. मग 2016 मध्ये पोलंडचे येझी प्रुशिन्स्की यांनी या गर्दीच्या वंशाची वाटणी केली आणि काही जातींसाठी नवे वंश काढले. आमचा गडी ‘मिर्माप्लाटा’ या नव्या सेक्टरात गेला. आंब्यावर तो त्याच फांदीवर होता. बदलाची नोटीस त्याला पोचल्याचं काही चिन्ह दिसलं नाही.

ही वाटणी डोळ्यांनी बघून होत नाही, हे मला पुतणीने थोडं संकोचत सांगितलं. रंग, आकार, कंबर, जबडे हे सगळं सोंगातलं सामान. ते कधीही बदलू शकतं. जात खात्रीने ठरते ती सूक्ष्मदर्शकाखाली, आणि तीही नराच्या तोंडाजवळच्या छोट्या स्पर्शपादांवरून आणि मादीच्या पोटाखालच्या जननांगांवरून. तिथे कुलूपकिल्लीचा कारखाना जातीगणिक वेगळा. बाहेरून दोन अगदी सारखे, आतून दोन कुटुंबं. उलटही खरं: नर आणि मादी इतके वेगळे की एकाच जातीची दोन नावं पडावीत. कित्येक जातींचा नुसता नर माहीत आहे, बाईसाहेब अजून सापडायच्या आहेत. किंवा सापडलेल्या आहेत, पण दुसऱ्याच आडनावाने नांदत आहेत. आणि पिल्लांचं तर काही विचारू नका. अवयव तयार व्हायचे असतात तोवर जातच सांगता येत नाही. शिवाय लहानपणी त्यांना तांबड्या मुंगीचं सोंग परवडत नाही, एवढी लहान तांबडी मुंगी असते कुठे? तेव्हा पिल्लं दुसऱ्याच लहान, काळपट मुंग्यांसारखी दिसतात आणि वाढत्या अंगाबरोबर सोंग बदलतात. या कोळ्याचं सारं बालचरित्र ए. पी. मॅथ्यू यांनी 1934 मध्ये मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात लिहिलं आहे. तेव्हा नेरुळ नावाचं भातशेती आणि मिठागरांच्या शेजारचं गाव होतं आणि आंब्यांना सोसायटी नव्हती.

महाराष्ट्राचा या वंशाशी संबंध नुसता आंब्यापुरता नाही. के. नारायण यांनी 1915 मध्ये कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधले मुंगीसारखे कोळी तपासून ज्या नव्या जाती नोंदल्या त्यांत एक सातारेन्सिस आहे, आपल्या साताऱ्याच्या नावाची. पुढे 1973 मध्ये भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे बी. के. टिकादर यांनी आणखी काही जातींना नावं दिली. त्यांतली एक पूनाएन्सिस आणि एक चक्क मराठा. मिर्मारॅक्नी मराठा! आता मुंगीचं सोंग घेऊन, शत्रूला हुलकावणी देऊन, झाडाझुडपाच्या आडोशाने जगणाऱ्या प्राण्याला हे नाव देताना टिकादरांच्या मनात गनिमी कावा होता की नुसता प्रदेश, हे नावावरून कळत नाही. मला गनिमी कावा मानायला आवडेल. शास्त्राला याचा पुरावा लागेल, मला लागत नाही.

नावाच्या बाबतीत सगळ्यात मोठी गोष्ट मात्र आमच्या शेजारी घडली, ठाण्यात. तिथे सापडलेल्या एका उडी मारणाऱ्या कोळ्याचं वर्णन 2021 मध्ये प्रसिद्ध झालं आणि त्याचं नाव ठेवलं गेलं आयसिअस तुकारामी. हे तुकाराम म्हणजे मुंबई पोलिसांतले सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री गिरगाव चौपाटीवर ज्यांनी अतिरेक्याच्या बंदुकीची नळी धरून ठेवली ते, आणि मूळचे साताऱ्याकडचेच. मरणोत्तर अशोकचक्र त्यांना मिळालं. पुतळेही आहेत. पण पुतळ्याची जागा बदलते, चौकाचं नाव बदलतं. प्राण्याच्या नावाचं तसं नाही. उद्या या कोळ्याला दुसऱ्या वंशात हलवलं तर ‘आयसिअस’ जाईल, ‘तुकारामी’ राहील. जातीचं नाव वंशाबरोबर पुसलं जात नाही, सामानासारखं बरोबर जातं. आधी 2019 मध्ये मॅरेंगो नावाच्या अशाच आशियाई वंशातल्या एका उडी मारणाऱ्या कोळ्याला सचिन तेंडुलकरांचंही नाव मिळालेलं आहे. ते वाचून सोसायटीतल्या मुलांनी कोळी शोधायला सुरुवात केली, पण त्यांना तो बॅट धरून सापडायला हवा होता.

पुतणी या सगळ्यात रमलेली बघून माझ्या वहिनीला काळजी वाटते. “इतकं शिकून कोळ्यांची नावंच ठरवायची का गं?” असं ती विचारते. त्यावर पुतणीने तिला टॉक्सिअस मॅग्नसची गोष्ट सांगितली. हाही मुंगीच्या सोंगातलाच कोळी, पूर्वी मिर्मारॅक्नीच्याच घरात मोजला जाणारा. 2018 मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी दाखवलं की याची मादी पिल्लांना दुधासारखा एक द्रव पाजते. त्यात गाईच्या दुधाच्या जवळजवळ चौपट प्रथिनं असतात आणि पिल्लं बाहेर जाऊन शिकार करायला लागली तरी घरी येऊन पितात, जवळजवळ चाळीस दिवसांची होईपर्यंत. वहिनी जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “म्हणजे तुझ्यासारखीच. बाहेर कमावते आणि रविवारी इकडे जेवायला येते.” पुतणी अजून कमवत नाही, पण हा मुद्दा तिने काढला नाही.

तर तांबड्या मुंग्यांचा प्रश्न यंदा आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत आला. कैऱ्या काढायला गेलेल्या मुलांना मुंग्या चावल्या होत्या. सेक्रेटरींनी औषध फवारणी करणाऱ्या माणसाला थेट सभेतच बोलावून ठेवलं होतं, दर विचारायला. तो पाठीवर टाकी घेऊनच आला होता. मी पुतणीला बरोबर नेलं होतं. तिने उभं राहून सांगितलं की या मुंग्या आंब्यावरच्या कितीतरी किडी खातात, चीनमधले संत्र्यांचे बागवाले शेकडो वर्षांपासून त्या मुद्दाम झाडांवर सोडत आले आहेत, आणि शिवाय झाडावर मुंग्यांइतकेच महत्त्वाचे कोळी आहेत, जे मुंग्यांसारखे दिसतात.

“म्हणजे झाडावर मुंग्या आहेत की कोळी?” सेक्रेटरींनी विचारलं.

“दोन्ही. आणि त्यातल्या कोळ्यांतही दोन प्रकार असू शकतात,” ती म्हणाली. “एक मुंग्यांना टाळणारा, दुसरा मुंग्यांसारखा दिसून मुंग्यांनाच खाणारा. तो वेगळ्या कुळातला.”

सभेत थोडी कुजबुज झाली. फवारणीवाल्या माणसाने खिशातून छापील अर्ज काढला. झुरळ, ढेकूण, वाळवी, मुंगी, कोळी, उंदीर आणि शेवटी ‘इतर असल्यास तपशील’. मुंगीचा दर वेगळा, कोळ्याचा वेगळा, औषधही वेगळं. मुंगीवर खूण केली तर कोळ्याची जबाबदारी कंपनीची नाही, आणि कोळ्यावर केली तर मुंग्या राहतील. त्याने पेन माझ्या हातात दिलं. मी ‘इतर’वर खूण केली आणि पुतणीने पुढे तपशील लिहायला घेतला. तिला ती ओळ पुरली नाही, म्हणून तिने अर्जाच्या मागच्या बाजूला चालू ठेवलं.

खजिनदारांनी चष्मा सारखा करून विचारलं, “इतरचा दर काय?”

“इतरला दर नसतो साहेब,” तो टाकीचा पट्टा सोडत म्हणाला. “आधी हेड ऑफिसला कळवावं लागतं, ते ठरवतात काय आहे ते.”

“किती दिवस लागतात?”

त्याने मागची बाजू उलटून पुतणीचं अक्षर बघितलं, परत पुढची बाजू केली आणि खांदे उडवले. इतिवृत्तात सेक्रेटरींनी लिहून घेतलं: विषय क्रमांक 7, आंब्यावरील मुंग्या व तत्सम, पुढील सभेपर्यंत तहकूब.